एकच रक्त, दोन स्पीड, दोन रीडिंग: मग खरं कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोन-प्लेट व्हिस्कोमीटर, म्हणजे सपाट प्लेटवर चपटा शंकू (कोन) फिरवून द्रवाची व्हिस्कोसिटी, म्हणजे घट्टपणा, मोजणारं मशीन, कोनाचा उतार ०.८ अंश, ३७ डिग्रीला ईडीटीएमधलं (रक्त गोठू न देणारं मीठ) रक्त लावलं, ३ आरपीएमला ७.१ सेंटीपॉइज (व्हिस्कोसिटीचं युनिट) आलं आणि टॉर्क, म्हणजे कोनावरचा पीळ, स्प्रिंगच्या फुल स्केलच्या ७ टक्के, ६० आरपीएमला ४.१ आलं आणि टॉर्क ७९ टक्के. कॅलिब्रेशनचं सिलिकॉन ऑइल लावलं की दोन्ही स्पीडला साधारण सारखंच येतं. पुस्तकात लिहिलंय ३ ते ४. मग मशीन बिघडलंय का, आणि रिपोर्टमध्ये कुठला आकडा लिहायचा?

मशीन बिघडलेलं नाही. ऑइलला दोन्हीकडे सारखं येतंय म्हणजे मशीनने आपली साक्ष दिली. ऑइल न्यूटोनियन आहे, त्याला कितीही जोरात फिरवा त्याची व्हिस्कोसिटी तीच राहते. रक्ताचं तसं नाही. रक्ताची व्हिस्कोसिटी किती हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या शिअर रेटला किती असं विचारलं तरच उत्तर निघतं. पुस्तकातलं ३ ते ४ हे जास्त शिअर रेटचं, नॉर्मल हिमॅटोक्रिटचं (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के), ३७ डिग्रीचं उत्तर आहे, फक्त पुस्तकवाल्याने या तीन अटी छापायच्या टाळल्या.

आरपीएममध्ये विचार करणं आधी बंद करा. आरपीएम हा तुमच्या मोटरचा आकडा आहे, रक्ताला त्याचं काही देणंघेणं नाही. रक्ताला कळतो तो शिअर रेट, म्हणजे एक थर शेजारच्या थरावरून किती वेगाने घसरतोय ते. कोन-प्लेटची गंमत ही की कोनाचा अंश लहान असेल तर सगळ्या सॅम्पलमध्ये शिअर रेट जवळपास एकच असतो, कारण मधून बाहेर जाताना वेग वाढतो तसा गॅपही त्याच प्रमाणात वाढतो. ०.८ अंशाला हिशोब सोपा आहे, आरपीएमला ७.५ ने गुणा. म्हणजे तुमचे ३ आरपीएम म्हणजे २२.५ प्रति सेकंद आणि ६० आरपीएम म्हणजे ४५०. आता तुमचे आकडे परत वाचा, २२.५ ला ७ च्या आसपास आणि ४५० ला ४ च्या आसपास, निरोगी माणसाच्या रक्ताचं अगदी असंच यायला पाहिजे. आणखी खाली १ प्रति सेकंदला गेलात तर १५-२० दिसेल, ०.१ ला ५० च्या पुढे. तेच सॅम्पल, तीच ट्यूब.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या चुका इथूनच निघतात. प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला द्रव, एकटा घेतला तर तो जवळपास न्यूटोनियनच आहे, ३७ डिग्रीला साधारण १.१ ते १.३. भानगड लाल पेशींची आहे. साधारण ८ मायक्रॉन व्यासाची, २ मायक्रॉन जाडीची, मधे खोलगट अशी ही चकती, आणि प्रवाह मंद झाला की या चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, त्याला रूलो म्हणतात. चिकटवणारा मुख्य माणूस फायब्रिनोजेन, प्लाझ्मातलं एक प्रोटीन. चळती एकमेकींत अडकून जाळं तयार होतं आणि ते ढवळायला जास्त जोर लागतो. शिअर वाढवला की आधी चळती मोडतात, मग सुट्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात, वाकतात, म्हणून व्हिस्कोसिटी आणखी उतरते. म्हणजे उतार एक पण कारणं दोन. शू चिएन या संशोधकांनी १९७० मध्ये हे फार सुंदर सुटं करून दाखवलं: पेशी प्लाझ्मातून काढून अल्ब्युमिन (चळती न करणारं प्रोटीन) घातलेल्या रिंगर सोल्युशनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, ठेवल्या तर चळती होतच नाहीत आणि कमी शिअरकडचा तो चढाव बराच बसतो, आणि पेशी रसायनाने कडक करून टाकल्या तर जास्त शिअरकडचा उतारही जातो, व्हिस्कोसिटी जवळपास सपाट होते आणि वर अडकून बसते. म्हणून एखाद्याच्या रक्ताचं कमी शिअरचं रीडिंग चढलं तर फायब्रिनोजेनकडे बघायचं आणि जास्त शिअरचं चढलं तर हिमॅटोक्रिट किंवा पेशींच्या कडकपणाकडे. एकच आकडा लिहिलात तर हा फरक दिसणारच नाही.

आता टॉर्ककडे. तुम्ही टक्के लिहिलेत ते बरं केलंत, बरेच जण लिहीत नाहीत आणि मग मला अंदाज बांधत बसावं लागतं. स्प्रिंगवाल्या व्हिस्कोमीटरची अचूकता फुल स्केलच्या १ टक्का सांगतात, रीडिंगच्या नव्हे! टॉर्क ७९ टक्के असेल तेव्हा १ टक्का इकडे तिकडे म्हणजे रीडिंगमध्ये सव्वा टक्का, काहीच नाही. पण टॉर्क ७ टक्के असेल तेव्हा तोच १ टक्का म्हणजे रीडिंगचा सातवा भाग, १४ टक्के. तुमचं ७.१ हे ६.१ पण असू शकतं आणि ८.१ पण. म्हणून १० टक्क्यांच्या खालचं रीडिंग धरायचं नाही असा नियम आहे आणि तो नियम कंजूषपणाने पाळायचा, आज घाई आहे म्हणून ८ चालवून घेतलं असं करायचं नाही.

मग कमी शिअरचं मोजायचं कसं? खरं सांगायचं तर या मशीनवर नाही. हिशोब करून बघा. ४० मिलिमीटर व्यासाचा कोन, शिअर रेट ०.१, व्हिस्कोसिटी ५० सेंटीपॉइज धरली तर शिअर स्ट्रेस, म्हणजे थर घसरवणारा क्षेत्रफळामागचा जोर, येतो ०.००५ पास्कल आणि कोनावर टॉर्क येतो साधारण ०.०८ मायक्रोन्यूटन मीटर. तुमच्या प्रकारच्या स्प्रिंगचा फुल स्केलच काही दहा मायक्रोन्यूटन मीटरचा असतो, म्हणजे तुम्ही ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर जिऱ्याचा दाणा ठेवताय. एअर बेअरिंगचा (हवेच्या थरावर फिरणारा, जास्त संवेदनशील) रिसर्च रिओमीटर पाहिजे, आणि तिथेही मोठ्या मापाचा कोन घ्या, ६० मिलिमीटरचा कोन घेतला तर टॉर्क सव्वातीन पटीच्या वर जातो कारण तो त्रिज्येच्या घनाने वाढतो. कपात सिलिंडर फिरवणारी कूएट पद्धतही चालते, मोरिस कूएटने १८९० मध्ये ती बसवली आणि कमी व्हिस्कोसिटीच्या द्रवाला ती आजही उत्तम, विशेषतः डबल गॅपवाली, फक्त सॅम्पल जास्त लागतं.

आणि चांगलं मशीन मिळालं म्हणून सुटलात असं समजू नका. इथे माझी एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी निव्वळ प्लाझ्मा लावला, पेशी एकही नाही, आणि कमी शिअरला व्हिस्कोसिटी भराभर चढायला लागली, १ प्रति सेकंदच्या खाली तर प्लाझ्मा रक्तापेक्षा घट्ट दिसायला लागला. मी तीन आठवडे याच आनंदात होतो की आपल्याला काहीतरी नवीन सापडलं. सापडलं होतं ते एवढंच की प्रोटीन हवेच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि तिथे सायीसारखा पातळ पापुद्रा धरतात, आणि कोनाची कड त्या पापुद्र्याला ओढत असते. जास्त शिअरला द्रवाचा टॉर्क मोठा असतो त्यामुळे पापुद्र्याचा टॉर्क त्यात बुडून जातो, कमी शिअरला मात्र तुम्ही मोजताय ती साय, द्रव नाहीच. ओळखायची युक्ती अशी की प्लाझ्मात अगदी किंचित पॉलिसॉर्बेट (साबणासारखा सर्फॅक्टंट) टाकून परत मोजा, ते पृष्ठभागावरची जागा बळकावतं, आणि चढाव गायब झाला तर चोर सापडला. पण हे फक्त चोर पकडायला, रक्तात सर्फॅक्टंट घालू नका, पेशींच्या भिंतीची वाट लागेल. कायमचा इलाज म्हणजे गार्ड रिंग, पृष्ठभागाचा टॉर्क सेन्सरपर्यंत पोचूच न देणारी. ती नसेल तर त्याच ट्यूबमधल्या प्लाझ्माची एक रन घ्या, आणि ज्या शिअर रेटपासून प्लाझ्माची लाइन वर वळायला लागते त्याच्या खालचे रक्ताचे पॉइंट सरळ फेकून द्या. दुखतं, पण फेका.

दुसरा चोर उलट्या बाजूने येतो. कमी शिअरला मशीन दहा मिनिटं सोडून दिलं तर रीडिंग हळूहळू खाली येत जातं. एक विद्यार्थी ग्राफ घेऊन आला होता, म्हणाला सर रक्त थिक्सोट्रोपिक आहे, म्हणजे फिरवत राहिलं की वेळेनुसार पातळ होणारं. रक्त थोडंफार थिक्सोट्रोपिक आहेच, पण त्याच्या ग्राफमध्ये दिसत होतं ते बरचसं पेशी खाली बसणं आणि चळती आकसून भिंतीपासून सरकणं, मग भिंतीजवळ निव्वळ प्लाझ्माचा थर राहतो आणि कोन त्या थरावर मजेत घसरतो. ईएसआरच्या, म्हणजे पेशी खाली बसण्याचा वेग मोजायच्या, नळीत जे तासाभरात डोळ्यांना दिसतं तेच इथे गॅपमध्ये चालू असतं. म्हणून क्रम नेहमी वरून खाली ठेवा. आधी २०० किंवा त्याच्या वर अर्धा-एक मिनिट फिरवून सगळ्या चळती मोडा, मग एकेक पायरी खाली उतरा, आणि कमी शिअरच्या प्रत्येक पॉइंटच्या आधी परत एकदा जोरात फिरवून घ्या म्हणजे प्रत्येक पॉइंट एकाच जागेवरून सुरू होतो. कमी शिअरला टॉर्क आधी चढतो, कळस गाठतो आणि मग घसरतो, तर तो कळस घ्या, घसरलेला आकडा नको.

सॅम्पलबद्दल आता जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गोंधळ मशीनला लावायच्या आधीच झालेला असतो. अँटिकोअॅग्युलंट (रक्त गोठू न देणारं) ईडीटीए घेतलंय ते योग्य, हेपरिनही चालतं. सायट्रेट नको. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये ९ भाग रक्ताला १ भाग पाण्यातलं सोल्युशन असतं, ते सगळं प्लाझ्माच्या बाजूला जातं आणि ४५ चा हिमॅटोक्रिट ४०.५ होऊन बसतो. तुम्ही पेशंटचं रक्त मोजायला गेलात आणि पातळ केलेलं रक्त मोजून आलात. ईडीटीएची ट्यूबही अर्धवट भरू नका, मीठ जास्त झालं की पेशी आकसतात. दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवला तर पाणी शिरेबाहेर जातं आणि हिमॅटोक्रिट उगाच वाढतो, म्हणून सुई लागली की पट्टा सोडा. रक्त काढल्यापासून ४ तासांच्या आत रन संपवा, रूम टेम्परेचरला ठेवून. ट्यूब हलवताना शेक करायची नाही, हळुवार उलटीपालटी, आठ-दहा वेळा. फेस आला तर बुडबुडे गॅपमध्ये जातात आणि मग रीडिंग कुठलंही येऊ शकतं. आणि मोजणीच्या ट्यूबमधूनच हिमॅटोक्रिट काढा, सकाळच्या दुसऱ्या ट्यूबचा नको. हिमॅटोक्रिटशिवाय रक्ताची व्हिस्कोसिटी म्हणजे उंचीशिवाय वजन, त्यावरून माणूस जाड का बारीक ते ठरत नाही.

टेम्परेचर: साधारण २ टक्के प्रति डिग्री. प्लेट ३७ दाखवतेय म्हणून रक्त ३७ ला आलं असं नाही, लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. पण फार थांबलात तर अर्धा मिलिलिटर रक्त कडेने वाळायला लागतं, कडेची वाळकी रिंग टॉर्क वाढवते. ओलसर झाकण वापरा. काम झाल्यावर कोन लगेच धुवा, हायपोक्लोराइटने निर्जंतुक करायचं पण त्यात भिजत ठेवायचं नाही, स्टीलला खड्डे पडतात आणि कोनाची किंमत बघितली की माणूस शिकतो. ग्लोव्हज तर घालायचेच, सांगायला नको.

नळीतून वाहू द्यायच्या पद्धतीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कोणीतरी विचारणारच. ऑस्टवाल्ड, उबेलोहडे या काचेच्या नळ्या प्लाझ्मा आणि सीरमला (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) झकास आहेत. स्वस्त, साध्या, अचूक. रक्ताला नको, कारण नळीच्या मध्यावर शिअर रेट शून्य आणि भिंतीवर सगळ्यात जास्त, म्हणजे एका वेळी सगळ्या शिअर रेटची खिचडी मोजली जाते. दाब बदलून बरेच पॉइंट घेतले तर राबिनोविच करेक्शन लावून भिंतीवरचा खरा शिअर रेट काढता येतो, पण एकाच उंचीच्या गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या नळीत तेही जमत नाही. त्यात नळी बारीक घेतली तर फॉरियस-लिंडक्विस्ट परिणाम, १९३१ चा: साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्त वाहतं करायला सोपं होत जातं, कारण पेशी मधोमध सरकतात आणि भिंतीला प्लाझ्माचं वंगण राहतं. व्हिस्कोसिटी नळीच्या व्यासावर अवलंबून! शरीरासाठी देवाची कृपा, मोजणाऱ्यासाठी डोकेदुखी. आणि गंमत बघा, ज्या प्वाझय याच्या नावावरून आपण पॉइज म्हणतो तो डॉक्टर होता, त्याला रक्ताभिसरणच समजून घ्यायचं होतं, पण बारीक काचेच्या नळ्यांमधले त्याचे १८४० च्या आसपासचे गाजलेले प्रयोग पाण्यावर झाले, गोठणाऱ्या रक्तावर नाही. त्याचा नियम रक्ताला सरळ लागू होत नाही आणि युनिट मात्र त्याचंच.

हॉस्पिटलमध्ये व्हिस्कोसिटी मागवतात तेव्हा बहुतेक वेळा ती सीरमची असते, रक्ताची नाही. वाल्डेनस्ट्रॉमच्या आजारात, म्हणजे एका रक्ताच्या कर्करोगात, आयजीएम नावाचं धिप्पाड प्रोटीन वाढतं आणि सीरमच घट्ट होतं. नॉर्मल सीरम पाण्याच्या १.४ ते १.८ पट, आणि लक्षणं साधारण ४ च्या वर गेल्यावर दिसायला लागतात: नाकातून हिरड्यांतून रक्त, धूसर दिसणं, डोकेदुखी. तिथे नळीची पद्धत पुरते. पण एक लक्षात ठेवा, लक्षणं असतील तर डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत, प्लाझ्मा बदलायला घेतात, तेव्हा लॅबवाल्याने सॅम्पल मात्र त्याआधीचं हातात ठेवायचं.

कर्व्ह मिळाला की त्यावर मॉडेल बसवायची सगळ्यांना घाई. कॅसनचं मॉडेल चालतं, १९५९ चं, मुळात छापखान्याच्या शाईसारख्या रंगकणांच्या मिश्रणांसाठी काढलेलं. शिअर स्ट्रेसचं वर्गमूळ विरुद्ध शिअर रेटचं वर्गमूळ टाका, सरळ रेषा आली तर जिथे ती अक्षाला छेदते तिथून यील्ड स्ट्रेस, म्हणजे द्रव वाहायला लागायला लागणारा किमान स्ट्रेस. रक्ताचा तो ०.००५ पास्कलच्या आसपास येतो. हे किती कमी आहे? पाण्याच्या अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या थराचा जेवढा भार पडेल तेवढं. आता वरची सायीची गोष्ट आठवा आणि सांगा, तुमच्या मशीनवरून काढलेल्या यील्ड स्ट्रेसवर तुम्ही स्वतः किती विश्वास ठेवाल. ज्यांना सिम्युलेशन करायचंय ते कॅरो मॉडेल घेतात, शून्य शिअरला ५६, अनंताला ३.४५ सेंटीपॉइज, वेळेचा आकडा ३.३१३ सेकंद आणि घातांक ०.३५६८, हे आकडे कॉपी होत होत सगळीकडे फिरतात. वापरा, पण ते तुमच्या पेशंटच्या हिमॅटोक्रिटचे नाहीत. प्रॅक्टिससाठी नकली रक्त पाहिजे असेल तर वजनाने ४० टक्के ग्लिसरीन आणि पाणी, २० डिग्रीला ३.७ येतं, पण ते न्यूटोनियन. त्यात थोडं झँथन गम मिसळलं की शिअर थिनिंग (शिअर वाढला की पातळ होणं) येतं आणि तुमचा हात बसायला मदत होते.

बाकीच्या नॉन-न्यूटोनियन द्रवांना हेच सगळं लागू, फक्त चोर बदलतात. रंग, जेल, टूथपेस्ट यांना यील्ड स्ट्रेस मोठा असतो म्हणून टॉर्कची चिंता नाही, पण ते गुळगुळीत प्लेटवर घसरतात. गॅप बदलून मोजा, गॅपप्रमाणे व्हिस्कोसिटी बदलली तर समजा घसरतंय, मग खरबरीत प्लेट किंवा पात्यांचं व्हेन घ्या. गॅप नेहमी सगळ्यात मोठ्या कणाच्या दहापट तरी पाहिजे, आणि कोनाचं टोक प्लेटपासून काही दहा मायक्रॉनवरच असतं, त्यामुळे जाड कण असलेल्या मिश्रणाला कोन लावायचाच नाही, पॅरलल प्लेट घ्या. बीकरमध्ये स्पिंडल बुडवून मोजतात त्याचं मला वावडं नाही, बॅच ते बॅच तुलना करायला ठीक आहे, पण तिथे शिअर रेट कोणालाच माहीत नसतो, म्हणून स्पिंडल नंबर, आरपीएम आणि भांडं लिहिल्याशिवाय आकडा देऊ नका आणि दुसऱ्याच्या रिओमीटरशी तुलना तर अजिबात नको. भोकातून वाहून जायला किती सेकंद लागतात असं मोजणारे कप शिअर थिनिंग द्रवाला फसवे. मक्याच्या पिठाचं घट्ट मिश्रण उलटं वागतं, शिअर वाढवला की अचानक दगड होतं, तिथे स्पीड एकदम वाढवू नका, स्प्रिंग जाईल.

तर तुमच्या रिपोर्टमध्ये एका आकड्याऐवजी छोटा तक्ता टाका: ६० आरपीएम म्हणजे ४५०, ३० म्हणजे २२५, १२ म्हणजे ९०, ६ म्हणजे ४५ प्रति सेकंद, प्रत्येकासमोर व्हिस्कोसिटी आणि टॉर्क टक्के, खाली हिमॅटोक्रिट, टेम्परेचर, अँटिकोअॅग्युलंट आणि रक्त काढल्यापासूनचा वेळ. ६ ला टॉर्क जेमतेम ११ च्या आसपास येईल, तीन वेळा नवीन सॅम्पल लावून बघा, तिन्ही जुळले तर ठेवा. ३ आरपीएमचं ७.१ मात्र काढून टाका.